ट्रॅक्टरची नोंद झाली, ट्रॉलीचे काय?

जमिनीच्या व्यवहारात महाराष्ट्रातील शेतकरी किती दक्ष असतो, हे वेगळे सांगावयास नको. खरेदीखत झाले एवढ्याने तो स्वस्थ बसत नाही. चावडीवर फेरफार पडला काय, त्यास मंजुरी मिळाली काय, सात-बारावर आपले नाव चढले काय, हे तो स्वतः जाऊन पाहतो. बांधावरील विहिरीची नोंद राहून गेली तर तेवढ्यासाठीही चार खेपा घालतो. मात्र हाच शेतकरी जेव्हा आपला जुना ट्रॅक्टर विकतो, तेव्हा त्याची ही दक्षता कोठे जाते ते कळत नाही. मुद्रांकावर चार ओळी लिहिल्या जातात, दोन साक्षीदारांच्या सह्या होतात, पैसे मोजले जातात आणि किल्ली हवाली होते. परिवहन कार्यालयातील नोंदवहीत मात्र ट्रॅक्टर मूळ मालकाच्याच नावावर राहतो. ट्रॉलीची गत याहून वाईट. ती तर बहुधा कोणाच्याच नावावर नसते.

ट्रॉली हे वाहन नव्हे, ते ट्रॅक्टरला जोडावयाचे एक अवजार आहे, ही समजूत गावोगाव दृढ झालेली आहे. नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर यांची नोंद करावी लागत नाही, मग ट्रॉलीची का, असे विचारले जाते. प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने त्याचे उत्तर व्याख्येतच देऊन ठेवले आहे. या कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या अर्थामध्ये ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे, आणि दुसऱ्या वाहनाने ओढावयाचे वाहन ते ट्रेलर. गावात ज्यास ट्रॉली म्हणतात ती हीच. तिला स्वतःचे इंजिन नसले तरी तिची नोंद स्वतंत्र, तिचा क्रमांक स्वतंत्र. नांगर शेतात राबतो. ट्रॉली भरल्या उसानिशी राज्यमार्गावरून जाते, आणि त्याच मार्गावरून शाळेची मुले सायकलीने जातात. दोहोंतील भेद हा आहे.

बैलगाडीला नोंद नव्हती आणि आजही नाही. त्या सवयीतून ट्रॉलीकडे पाहिले जाते, हे समजण्यासारखे आहे. परंतु गाडीवानाने कासरा ओढला की बैलगाडी थांबते. दोन ट्रॉल्या मागे जोडलेला ट्रॅक्टर उतारावर तसा थांबत नाही.

ज्या कायद्यान्वये हे सर्व चालते तो १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या ३९ व्या कलमाने नोंदणीवाचून कोणतेही वाहन सार्वजनिक जागी चालविण्यास किंवा चालवू देण्यास मनाई केली आहे. ‘चालवू देणे’ हे शब्द मालकांनी ध्यानात घ्यावेत. चालक नोकर होता, ही सबब त्यामुळे उरत नाही. दंडही आज थोडा नाही. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार रुपयांपर्यंत आणि पुढील गुन्ह्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, अशी तरतूद आहे. शेतीच्या वाहनांस करात सवलत असते म्हणून नोंदणीही माफ आहे, असे काहीजण धरून चालतात. कर आणि नोंदणी या दोन वेगळ्या बाबी होत.

तथापि दंडाचे भय दाखवून ही गोष्ट पटविणे फारसे उपयोगी पडत नाही. दंड एकदा भरला की विसरला जातो. खरा धोका अपघाताच्या दिवशी पुढे येतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर २००७ साली निकालात निघालेले एक प्रकरण येथे सांगण्याजोगे आहे. माती खणून ती ट्रॉलीतून वीटभट्टीवर नेण्याच्या कामावर असलेला एक मजूर ट्रॉलीवरून पडला व कायमचा अपंग झाला. विमा ट्रॅक्टरचा होता, तोही केवळ शेतीकामापुरता. ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. मजुराची हलाखी पाहून न्यायालयाने आपल्या विशेष अधिकारात कंपनीने त्यास रक्कम प्रथम द्यावी असे सांगितले खरे, परंतु ती पुढे ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस दिली. म्हणजे भार अखेर मालकावरच आला. ज्या ट्रॉलीची नोंद नाही तिचा विमा व्हावयाचा कसा, हा विचार प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने एकदा तरी करावा. अशी रक्कम जेव्हा अंगावर पडते, तेव्हा ती ट्रॅक्टर विकून फिटत नाही. जमिनीला हात घालावा लागतो. आणि मालकाजवळ जमीनही नसली तर जखमी मजुराच्या हाती निकालाचा कागद तेवढा उरण्याची भीती असते. ऊसतोडणीला आलेली कुटुंबे मोळ्यांवर बसून फडातून अड्ड्यावर जाताना दर हंगामात दिसतात. ट्रॉली माणसे वाहण्यासाठी नाही हे नियमाने खरेच आहे, पण ज्यांच्या घामावर कारखाना चालतो त्यांना चालत जा असे सांगून मुकादमही मोकळा होतो आणि मालकही, हे काही शोभादायक नाही. त्यांच्या जाण्यायेण्याची निराळी सोय करणे हे कंत्राट करणाऱ्यांचे काम आहे.

आता जुन्या ट्रॅक्टरच्या विक्रीकडे वळू. कायद्यात ‘मालक’ कोण, तर ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो. वाहन कर्जावर असेल तर कराराने ज्याच्या ताब्यात असेल तो. मुद्रांकावरील लेख काय म्हणतो यास येथे महत्त्व नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक वाद मिटविला. एक मोटार एकापाठोपाठ एक अशा अनेक हातांत विकली गेली होती, परंतु नोंद मूळ मालकाच्याच नावे होती. २००९ साली तिचा अपघात झाला. मूळ मालकाने गाडी कधीच विकली असल्याचे सांगितले, तरी भरपाई नोंदलेल्या मालकानेच द्यावी, असा निकाल झाला. न्यायालयाची भूमिका अशी की, अपघातात सापडलेल्या माणसाने विक्रीची साखळी शोधत एकाकडून दुसऱ्याकडे फिरत बसावे, हे कायद्यास अभिप्रेत नाही. विकून मोकळा झालो असे मानणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हा निकाल लागू पडतो, मग वाहन मोटार असो वा ट्रॅक्टर.

यासाठी करावयाचे काम फार मोठे नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ मध्ये परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत नमुना ३० मध्ये अर्ज करावयाचा असतो. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची संमती लागते. कर्ज फिटले असेल तर बँकेच्या सहीचा नमुना ३५ देऊन तो बोजा आधी उतरवून घ्यावा. कर्ज फेडूनही नोंदीवर बँकेचे नाव वर्षानुवर्षे तसेच राहिलेले ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. सात-बारावरचा सोसायटीचा बोजा उतरविण्यासाठी जो धावतो, त्याला हे सुचू नये हे नवल होय. विकणाऱ्याने कागद घेणाऱ्यावर सोपवून घरी बसू नये. नाव बदलण्याची गरज घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्यालाच अधिक असते, कारण अपघात झाला तर नोटीस त्याच्या दारी येते.

वारसाची बाब याहूनही दुर्लक्षित आहे. वडील वारले की जमिनीवर वारसनोंद होते; ट्रॅक्टर मात्र वडिलांच्याच नावावर धाकटा मुलगा चालवीत राहतो, आणि पुढे भावाभावांत वाटणी झाली की तो कोणाचा यावरून तंटा उभा राहतो. नियम असा आहे की, मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने कार्यालयास कळवावे. तसे कळविल्यास तीन महिने ते वाहन वापरता येते आणि तेवढ्या अवधीत नमुना ३१ मध्ये अर्ज करून नाव लावून घ्यावयाचे असते. २०२१ पासून नोंदणी करतानाच नामनिर्देशन करून ठेवण्याची सोय झालेली आहे. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी तिचा लाभ अवश्य घ्यावा.

नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत अडचण कमी येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच राज्यातील विक्रेत्यानेच नोंदणीचा अर्ज करावयाचा असून, वाहन कार्यालयात नेऊन दाखविण्याचे कारण उरलेले नाही. तात्पुरत्या वा कायम नोंदणीवाचून वाहन ग्राहकाच्या ताब्यात देण्यास विक्रेत्याला मुळीच परवानगी नाही. ग्राहकाने करावयाचे ते एवढेच, की आरसी हाती आल्यावर ती कपाटात ठेवण्यापूर्वी नीट वाचावी. नाव, पत्ता, सांगाडा क्रमांक, इंजिन क्रमांक यांत एक अक्षर चुकले असेल तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणे सोपे. दहा वर्षांनी ते जिकिरीचे होते. ही नोंद १५ वर्षे चालते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो. शेताच्या कडेला उभे असलेले कितीतरी जुने ट्रॅक्टर १५ वर्षे ओलांडून गेलेले आहेत व त्यांची नोंद संपलेली आहे, हे मालकास ठाऊकही नसते.

ट्रॉलीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही, आणि येथे सर्व दोष शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तालुक्याच्या गावी लोखंडकाम करणाऱ्याकडे माप सांगावे, आठ-पंधरा दिवसांत रंगवलेली ट्रॉली घेऊन जावी, अशी आपल्याकडील रीत आहे. असा कारागीर पुष्कळदा विक्रीचे रीतसर प्रमाणपत्र देत नाही, सांगाड्यावर क्रमांक ठोकत नाही, आणि वाहन सुरक्षिततेच्या नियमांनुसार आहे असा दाखलाही त्याच्यापाशी नसतो. हे कागद नसले की नोंदणी अडते. शेतकरी एक-दोन हेलपाटे घालतो, दिवसाची मजुरी बुडते, आणि मग ‘सगळ्यांच्याच अशा चालतात’ म्हणून तो नाद सोडतो. पुढच्या फळीवर आई-वडिलांचा आशीर्वाद, मुलांची नावे आणि कुलदैवत हे सारे ठळक अक्षरांत रंगविलेले असते. क्रमांकाची जागा तेवढी कोरी.

यावर उपाय शासनानेही शोधले पाहिजेत. परिवहन कार्यालयांची तालुक्यातील शिबिरे प्रामुख्याने अनुज्ञप्ती व वाहनतपासणी यांसाठी भरतात. गळीत हंगामापूर्वी त्यांतील काही दिवस केवळ ट्रॉलीची नोंद व नावबदल यांसाठी राखून ठेवणे कठीण नाही. साखर कारखाने वाहतुकीचे करार करताना ट्रॅक्टरचे कागद पाहतात, तसेच ट्रॉलीचेही मागावेत. त्यांनी ते मागितले तर कारागीरही ते देऊ लागेल, कारण ज्याची ट्रॉली कारखान्यावर चालत नाही त्याच्याकडे दुसरे गिऱ्हाईक जाणार नाही. केवळ रस्त्यावर अडवून दंड केल्याने हे साधणार नाही. कारागिराकडून ट्रॉली घेताना प्रथम कागद आणि मग रक्कम, असा आग्रह शेतकऱ्यांनी एकजुटीने धरला तर तो अधिक लवकर परिणामकारक होईल.

गावपातळीवरील विस्तार कार्यकर्त्यांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. अवजारांच्या अनुदानाचे अर्ज भरण्यास ते शेतकऱ्यांना साहाय्य करतातच. त्याच बैठकीत ‘वाहन’ या शासकीय संगणक प्रणालीवर ट्रॅक्टरचा क्रमांक घालून नोंदणीची व विम्याची मुदत पाहता येते. शेतकऱ्याने आरसी सोबत आणली तर तीवरील नाव आणि बँकेचा बोजा हेही तेथेच तपासता येते. दहा मिनिटांचे काम आहे. एका गावात असे वीस ट्रॅक्टर पाहिले तर त्यांतील किती नोंदी खऱ्या मालकाच्या नावे आहेत, हे कार्यकर्त्यास व गावासही कळून येईल. सोबतच उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीची आठवण द्यावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही ती बसविण्याचा आदेश राज्यात निघालेला आहे.

विटा, वाळू किंवा मुरूम भाड्याने वाहण्यासाठी ट्रॉली वापरली जाते, हे उघड गुपित आहे. शेतीचा हंगाम नसताना ट्रॅक्टरने दोन पैसे मिळवावेत यात गैर काही नाही. परंतु मग नोंद आणि विमा त्या कामाचा असला पाहिजे. शेतीकामाच्या विम्यावर वीटभट्टीची माती वाहिली, तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

कारखान्याचा बॉयलर पेटण्यास अवधी असतानाच ही कामे उरकून घ्यावीत, कारण एकदा तोड सुरू झाली की मालकाला दाढी करावयासही सवड मिळत नाही. कार्यालयात तपासणीसाठी ट्रॉली नेताना सांगाड्यावरील क्रमांक तारेच्या ब्रशाने हलकेच घासून, रॉकेलचे फडके फिरवून वाचता येईल असा करून न्यावा. त्यावर रंगाचे दोन-तीन थर चढलेले असतात आणि तो न दिसल्यामुळे अर्ज परत येतो. मागील बाजूस लाल परावर्तक पट्टीही त्याच दिवशी लावून घ्यावी.