चिकाटीचा एकतर्फी हिशेब

संपादक महाशय,

चिकाटी असली की सारे साधते, असे बजावून आपल्या पत्रलेखकांनी ठाणे-डोंबिवलीच्या तरुणांची जी हजेरी घेतली, तीत दाखला म्हणून कल्याणात वाढलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनाच उभे करावे, याचे नवल वाटते. १८८३ मध्ये बंगालातील श्रीरामपुरी भरसभेत अमेरिकागमनाचा मनोदय सांगणाऱ्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी संपादणाऱ्या त्या विदुषीचा निर्धार वादातीत आहे. परंतु अमेरिकेतील रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी लेकीसारखा आसरा दिला नसता, महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचल बॉडली पाठीशी उभ्या राहिल्या नसत्या, तर तो निर्धार कुठवर पुरता? शिवाय स्वदेशी वेष व शाकाहार न सोडता तिथली थंडी सोसणारा देह खंगतच गेला, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील नेमणूक हाती असूनही, वयाची बावीस वर्षेही पुरी न होता, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या क्षयाने गेल्या. हा अर्धा जमाखर्च पत्रलेखकांनी (सोयीस्करपणे म्हणवत नाही) वगळला आहे. पहाटेच्या लोकलमध्ये दोन खांद्यांच्या फटीत टिपणवही धरून परीक्षेची तयारी करणाऱ्या डोंबिवलीकर मुलास चिकाटीचे धडे नकोत. त्याला रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका हवी, आणि तसा अर्ज महापालिकेकडे करावयाचा असल्यास माझी सही गृहीत धरावी.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)