बस्ता सुरतेचा, कर कुणाचा?

आमच्या पिंपळनेरकडे लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की बऱ्याच घरांची गाडी चरणमाळ घाटाने नवापूरमार्गे सुरतेला निघते. नवापूरला हद्द इतकी जवळ, की रेल्वे स्टेशनच थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत.

नातीचा बस्ता आम्हीही सुरतेलाच बांधला. लाखभराच्या साड्या झाल्या. दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर जीएसटी लावत नाही." व्याही लगेच म्हणाले, "बिल कसाले जोयजे?" सगळे हसले. जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेला मी, गप्प बसलो. 5 टक्क्यांनी 5,000 रुपये वाचले. परतताना त्याच गाडीत आम्ही खड्ड्यांवरून सरकारला शिव्या दिल्या!

मन खात राहिलं. माझी पेन्शन तरी कुठून येते? याच तिजोरीतून ना?

कुणी म्हणेल, तुम्ही पेट्रोलही गुजरातेत भरता की! भरतो. पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, तिकडे कमी. पण तिथला कर भरूनच ते टाकीत पडतं. ते गिऱ्हाइकाचं शहाणपण. बिल न घेता कर टाळणं ही चोरीला साथ. मोठे लोक बुडवतात म्हणून आपण बुडवावं, हे काही उत्तर नव्हे.

शिवाय एक गोष्ट मला उशिरा कळली. साडीवरच्या 5 टक्क्यांत अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. कोणत्या राज्याचे? 1 जुलै 2017 ला आलेल्या जीएसटीचं मूळ तत्त्व असं, की माल जिथे वापरायचा तिथल्या राज्याला कर. पण तुमच्याआमच्यासारख्यांच्या बिलावर पत्ता नसला, तर तो वाटा दुकानाच्या राज्याला जातो. 1 ऑक्टोबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे बिलावर गिऱ्हाइकाच्या राज्याचं नुसतं नाव लिहिलं तरी वाटा त्या राज्याचा. दर तोच, खिशातून जास्तीचा पैसा जात नाही. आमच्या लाखावरचे अडीच हजार महाराष्ट्राला मिळाले असते. मिळाले कुणालाच नाहीत.

राहिलेल्या साड्यांसाठी पुन्हा गेलो, तेव्हा पक्कं बिल मागितलं आणि त्यावर 'महाराष्ट्र' लिहायला लावलं. व्याही म्हणाले, "गुरुजी, रिटायर झाले तरी वर्ग सुटला नाही तुमचा."

असो. मागच्या बाकावर फार दिवस बसलो होतो, एवढंच.