घर-संसार : तंबूत चार दिवस

मैत्रिणींनो, उदगीरच्या एका भगिनीचं पत्र आलंय. लेक-जावई परदेशात, यंदा बोलावलंय, आणि जावयांना मोटारींची रॅली बघायला जंगलात तंबू ठोकून राहायचंय. ‘या वयात तंबूत? आणि खायचं काय?’ असं त्या विचारतात. २०२४ च्या ऑगस्टात मी याच चक्रातून गेले, तेव्हा माझ्या अनुभवाचं सांगते.

आमची लेक फिनलंडमध्ये असते. तिथल्या युवास्क्युला शहराच्या आसपास १९५१ सालापासून ही शर्यत होते. आम्हां मुरूमच्या लोकांना रॅली म्हटलं की निवडणुकीतली जीप आणि झेंडे आठवतात. ही तशी नव्हे. जंगलातला खडीचा रस्ता बंद करतात आणि दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं एकेक मोटार सोडतात. शर्यत घड्याळाशी. आम्ही बघितला त्या रस्त्याचं नाव ओउनिनपोह्या. नावात पोहे होते म्हणून लक्षात राहिलं! रस्ता इतका उंचसखल, की मोटारी चक्क हवेत उडतात.

आधी सामानाचं बघू. युरोपात बाहेरून दुधाचे नि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. आंबे, कढीपत्ता यांच्याही भानगडीत पडू नका. मी ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगांची चटणी नेली. चारही दिवस पुरली. शिवाय मुगाची डाळ कोरडी भाजून, तांदूळ, मीठ, हळद, जिरं घालून एकेका वेळची पुडी बांधली. अर्धा तास भिजवून शिजवली की खिचडी तयार. गॅसची लहान टाकी विमानात चालत नाही, तिथंच विकत घ्या. चूल पेटवायची तर जागेच्या मालकाची परवानगी लागते आणि वणव्याचा इशारा असला तर मुळीच पेटवायची नाही.

थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त येते, म्हणून अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालच्या सतरंजीकडे लक्ष द्या. रात्री दहापर्यंत उजेड असतो. नातू झोपेचना, मग माझी काळी शाल तंबूला आतून पिनांनी लावली, तेव्हा कुठं डोळा लागला त्याचा.

जावयांना फोटोचं भारी वेड. मोटार गेली की मागं धुळीचा लोट येतो, अगदी आपल्या उमरगा रोडवर ट्रक गेल्यासारखा. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून भिंग तेवढं बाहेर ठेवायचं. आणि ते भिंग पदरानं पुसू नका बरं, खडीचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणीच्या रबरी फुग्यानं उडवायचे, मग मऊ कापड.

शेवटच्या दिवशी जावई वळणाच्या बाहेरच्या अंगाला निघाले. तिथून मोटार समोरून येताना दिसते म्हणे. पट्टी लावलेली होती, तिच्या पलीकडे. लेक कडेवर पोर घेऊन गप्प. आमच्याकडे सासूनं जावयाला अडवायची रीत नाही, पण माझ्यानं राहवेना. म्हटलं, “अहो, घसरलेली मोटार बाहेरच फेकली जाते. तुम्ही तिथं उभं राहायचं नाही.” ते काही बोलले नाहीत. वरच्या उंचवट्यावर आमच्याजवळ येऊन उभे राहिले, पण तोंड असं फुगलेलं! हे आपले दुर्बीण डोळ्यांना लावून जंगल बघत बसले.

माझं हे शहाणपण आदल्या रात्रीचं. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत मोटार गर्दीत घुसून तीन प्रेक्षक गेले, तीसच्या वर जखमी झाले, असं लेकीनंच सांगितलं होतं. त्या जातीच्या अतिवेगवान मोटारी मग त्या वर्षअखेरीस बंद झाल्या. तिनं फ्रान्सच्या मिशेल मूतोंचीही गोष्ट सांगितली. १९८१ मध्ये इटलीतल्या सान रेमोची रॅली जिंकून जागतिक स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली बाई ठरली. शेजारी बसून वाट सांगणारीही बाईच, फाब्रित्सिया पोन्स. पुढं अनेक वर्षं या स्पर्धांच्या सुरक्षिततेचं काम मूतोंबाईंकडे होतं.

शेजारच्या सीटवरून वाट सांगायची म्हणजे चेष्टा नव्हे. वही हातात, पुढचं वळण किती अवघड ते आधीच मोठ्यानं वाचायचं, नि चालवणाऱ्यानं निमूट ऐकायचं. केनियाचे शेखर मेहता पाच वेळा सफारी रॅली जिंकले. त्यांच्या शेजारी काही शर्यतींत त्यांची बायको यव्हॉन असायची. आमचे हे तर उमरग्याला जातानासुद्धा माझं ऐकत नाहीत.

त्याच रविवारी सर्वांत पुढं असलेला काल्ले रोवानपेरा दगडाला आदळून झाडीत गेला. तेवीस वर्षांचा पोरगा, दोनदा जगज्जेता. आम्ही उभे होतो तिथं नाही, पुढं कुठंतरी. दोघं आतले सुखरूप आहेत असं कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या आईचं काय झालं असेल! जिंकला मग फ्रान्सचा ओजिए.

संध्याकाळी खिचडी वाढताना जावयांनी कॅमेरा पुढं केला. उंचवट्यावरून काढलेला फोटो. मोटार लहानशीच, पण चारही चाकं जमिनीवरून सुटलेली, मागं धूळ सोन्यासारखी. “आई, आणखी थोडी वाढा,” म्हणाले.

तेव्हा उदगीरच्या ताई, खुशाल जा. एवढंच करा, चपला नकोत, घोट्यापर्यंतचे बूट घ्या आणि इथंच आठवडाभर घालून सवय करा. साडी नेसलात तरी बूट चालतात, मी घातले होते.