बाळ्याला विचारते

पांढुर्णा व सौंसर या दोन तालुक्यांत दवाखाना चालविणाऱ्या कोणाही डॉक्टरला पुढील प्रसंग अपरिचित नसावा. सत्तरीच्या घरातील गृहस्थ सकाळचा चहा घेत असतात. कप हातातून सुटतो, तोंड वाकडे होते, बोलणे अडखळते. शेजारची मंडळी त्यांना उचलून आणतात. सोबत पत्नी असते. नागपूरला ताबडतोब न्यावे लागेल, असे आपण सांगताच ती माउली हातातला मोबाइल घट्ट धरून म्हणते, ‘थांबा डॉक्टरसाहेब, बाळ्याला विचारते.’ बाळ्या पुण्यास असतो, बंगळुरूस असतो, क्वचित न्यू जर्सीसही असतो. फोन लागत नाही. लागला तर तो आपल्या परिचयातील दुसऱ्या डॉक्टरला विचारून कळवितो म्हणतो, आणि इकडे दवाखान्याच्या बाकावर सारे फोनकडे बघत बसतात.

मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिले लक्षण दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पूर्वी ही मर्यादा तीन तासांची होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासानंतर ती वाढली. पण त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. पांढुर्ण्याहून नागपूर नव्वदेक किलोमीटर. गाडी मिळणे, सावनेरमार्गे पोहोचणे, मोठ्या रुग्णालयातील कागद होणे, यांत तीन तास सहज जातात. उरलेल्या दीड तासातला एक तास बाळ्याच्या फोनची वाट पाहण्यात गेला, तर पुढे कितीही निष्णात न्यूरॉलॉजिस्ट भेटला तरी तो काय करणार?

नागपूरशी असलेले आपले हे नाते जुने आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. पण गंभीर रुग्णाची गाडी आजही दक्षिणेकडेच वळते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला तरी त्यात फरक पडलेला नाही. शिकलेली मुले त्याच रस्त्याने गेली आणि नागपूरच्याही पुढे गेली. संत्र्याच्या बागा व म्हातारी माणसे मागे राहिली. मुलांनी जाऊ नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आपण डॉक्टरांनी तरी आपली मुले कुठे येथे ठेवली आहेत?

या प्रसंगातला बाळ्या एकदा मी स्वतःच होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. पदव्युत्तर शिक्षणासाठी दूरच्या शहरी असताना वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. गावचे डॉक्टर स्ट्रेप्टोकायनेज तेथेच देण्यास तयार होते, काकाही तयार होते. पण घरातला डॉक्टर मी! एसटीडी बूथवरून मी ठणकावून सांगितले, ‘मोठ्या रुग्णालयात न्या, तोवर काही देऊ नका.’ माझ्या शब्दाला मान देऊन सर्वांनी ऐकले. वडील वाचले, मात्र पुढे शेतातील विहिरीपर्यंत चालत गेले की अर्ध्या वाटेत बांधावर बसत. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत.

दुरून हुकूम देण्यामागे बहुधा अपराधी भावना असते. १९९१ साली अमेरिकेच्या जराचिकित्सा संघटनेच्या नियतकालिकात काही डॉक्टरांनी या वृत्तीला ‘कॅलिफोर्नियाच्या मुलीचे लक्षण’ असे नाव दिले होते. फार दिवसांनी दूरगावाहून आलेली ही मुलगी घरच्यांनी व डॉक्टरांनी मिळून ठरविलेले सारे उलटविते. गमतीचा भाग असा की, खुद्द कॅलिफोर्नियात याच मुलीला न्यूयॉर्कची म्हणतात म्हणे!

आता थोडे आपल्या व्यवसायाविषयी, मग कोणाला राग आला तरी चालेल. ‘मुलाशी बोलून घ्या’ हे वाक्य पुष्कळदा आपणच आधी उच्चारतो. बिल कोण देणार आणि उद्या काही बरेवाईट झाल्यास अंगावर कोण येणार, ही दोन भये त्यामागे असतात. तातडीच्या रुग्णावर प्रथम उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि वेळेत संमती देणारे कोणी नसेल, तर सद्भावनेने केलेल्या उपचाराला कायद्याचे संरक्षण आहे. जुन्या दंडसंहितेच्या ९२ व्या कलमात ते होते, नव्या न्यायसंहितेच्या ३० व्या कलमात आहे. येथे तर पत्नी समोर उभी असते. तिने ‘हो’ म्हटले असता पुण्याच्या ‘हो’ची वाट आपण का पाहावी?

पण ती ‘हो’ म्हणत नाही, ही खरी अडचण आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात बैल विकण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत एकही निर्णय जिच्यावर सोपविला नाही, तिने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय दहा मिनिटांत घ्यावा, अशी आपली अपेक्षा असते. दूर राहणाऱ्या मुलांनी पोळ्याला, गोटमारीला, दिवाळीला घरी आल्यावर एक संध्याकाळ यासाठी काढावी, असे मला वाटते. मी नसताना कोण ठरवील? आई, चुलतभाऊ, की शेजारचे गुरुजी? त्या व्यक्तीचे नाव सर्वांसमक्ष घ्यावे. औषधांची यादी, विम्याचे कार्ड, आयुष्मान कार्ड एका पिशवीत ठेवावे. आयुष्मान योजना राज्याच्या सीमेपलीकडील संलग्न रुग्णालयांतही चालते आणि २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्न न पाहता, लागू आहे. परंतु त्यासाठीचे कार्ड आधी काढून ठेवावे लागते. कंपनीच्या विम्याचे कार्ड केवळ मुलाच्या मोबाइलमध्ये असणे म्हणजे ते नसण्यासारखेच.

गेल्या दिवाळीत सौंसरच्या एका रुग्णाचा मुलगा हैदराबादहून आला असता मी त्याच्याशी हे सारे बोललो. त्याने मान डोलावली. आई इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसली होती. ती म्हणाली, ‘गाडी मी बोलावीन डॉक्टरसाहेब, सही बी करीन. पण पैसे कुठून काढू? बँकेत माझं नाव कुठं आहे?’ मुलगा वडिलांकडे पाहू लागला आणि वडील जमिनीकडे. बँक उघडताच ते तिघेही गेले आणि खात्यावर तिचे नाव चढले.