विश्लेषण : डोळ्यात यंत्र बसवले, कंपनीच थांबली! ‘बायॉनिक आय’च्या रुग्णांचे काय झाले?

अंधत्वावरील ‘प्रिमा’ या इम्प्लांटची सध्या चर्चा आहे. उतारवयात पडद्याचा मध्यभाग खराब झालेल्या ३८ रुग्णांच्या डोळ्यात ही दोन मिलिमीटरची चिप बसवण्यात आली. वर्षभरानंतर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा दिसली, असे ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केले. बातमी आनंदाचीच. पण याच क्षेत्रातला आधीचा अनुभव विसरण्यासारखा नाही.

आर्गस-२ काय होते?

कॅलिफोर्नियातील ‘सेकंड साइट’ कंपनीच्या या यंत्राला युरोपात २०११ मध्ये, तर अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर, शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा. चष्म्यावरचा कॅमेरा चित्र टिपतो, कमरेला लावलेला प्रोसेसर त्याचे संकेत बनवतो आणि ते बिनतारी पद्धतीने डोळ्यातल्या ६० इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात. दिसतात ते प्रकाशाचे ठिपके. साध्या मोबाइल कॅमेऱ्यातही लाखो पिक्सेल असतात, इथे फक्त ६०! तरीही दाराची चौकट किंवा रस्त्यावरचे पट्टे ओळखता येणे, ही पूर्ण अंध व्यक्तीसाठी मोठी गोष्ट होती. जगभरात साडेतीनशेहून अधिक जणांनी हे यंत्र बसवून घेतले.

मग बिघडले कुठे?

तंत्रज्ञानात नव्हे, ताळेबंदात. मेंदूत बसवायच्या नव्या इम्प्लांटवर भर देण्यासाठी कंपनीने २०१९ मध्ये आर्गस-२ गुंडाळले. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना काढले. अनेक रुग्णांना हे कंपनीने कळवलेही नाही, असे ‘आयईईई स्पेक्ट्रम’ने २०२२ मध्ये उघड केले. चष्मा किंवा प्रोसेसर बिघडला तर सुटा भाग नाही, दुरुस्त करणारा नाही. एका रुग्णाला मेंदूत गाठ असल्याच्या शंकेवरून एमआरआय हवा होता. त्याआधी यंत्राची खातरजमा कंपनीकडे करायची, तर तिथे दाद लागेना. यंत्र काढायचे म्हटले तर पुन्हा डोळ्याची शस्त्रक्रिया.

स्मार्टवॉच बंद पडले की ड्रॉवरमध्ये जाते. शरीरातल्या यंत्राला ती सोय नाही. म्हणूनच नियामकांनी मान्यता देताना फक्त सुरक्षितता नव्हे, तर सुट्या भागांचा साठा आणि कंपनी बुडाल्यास आराखडे व सॉफ्टवेअर कोणाकडे जाणार, हेही लिहून घ्यायला हवे. इम्प्लांट बसवून घेणाऱ्यानेही हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावा.

‘प्रिमा’चे काय?

ही चिप पुढे आणणारी फ्रान्सची ‘पिक्सियम व्हिजन’ कंपनीही आर्थिक अडचणीत सापडली होती. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘सायन्स कॉर्पोरेशन’ने तिची मालमत्ता घेतल्यामुळे काम पुढे सुरू राहिले.

‘सेकंड साइट’ २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. त्यातून झालेल्या ‘विवानी मेडिकल’चा मुख्य भर आता लठ्ठपणावरील औषध शरीरात हळूहळू सोडणाऱ्या इम्प्लांटवर आहे.