फसू द्या की एखादं गाणं!

मुंबईच्या पेंटाग्राम बँडचा पहिला अल्बम १९९६ चा, दणदणीत रॉक. २००२ च्या 'अप'मध्ये मात्र एकदम इलेक्ट्रॉनिक ठेका! परवा होस्टेलवर तो पूर्ण ऐकला. काही गाणी मस्त, काही चक्क कंटाळवाणी. रूममेट म्हणाला, "अर्धा अल्बम वाया." मला नाही पटत. जमलेला साचा मोडल्यावर सगळंच कसं जमणार?

आपण मात्र हूटिंगच्या भीतीने दरवर्षी गॅदरिंगला तीच हिट गाणी वाजवतो. भंडाऱ्यात खडीगंमतीची ढोलकी आहे, आपल्याकडे कीबोर्ड आहे. मित्रांनो, यंदा एक तरी गाणं स्वतःचं करू या. फसलं तर फसलं! प्रॅक्टिकलला पहिलं रीडिंग तरी कुठे बरोबर येतं?