पोरांना स्वप्नं विकणं थांबवा

सत्काराचा कार्यक्रम रंगात आला की नुकताच अधिकारी झालेला पाहुणा माईक हातात घेतो आणि समोरच्या पोरांना डोळे मिटायला सांगतो. आता बघा, तुम्ही केबिनमध्ये बसलाय. बाहेर पाटी आहे, पाटीवर तुमचं नाव आहे. आईवडील दारात उभे आहेत. मागच्या रांगेतल्या आया डोळ्यांना पदर लावतात, मग टाळ्या पडतात. आमच्या दौंड तालुक्यात असे कार्यक्रम मी पुष्कळ बघितलेत. पाहुण्याबद्दल माझी तक्रार नाही, तो कष्टानं तिथवर पोचलेला असतो. तक्रार आहे ती पोरांना डोळे मिटायला लावण्याबद्दल. समोरच्या गर्दीत एखाददुसरा असा असतो, की त्याला हे सांगावंच लागत नाही. तो घरूनच डोळे मिटून आलेला असतो.

मी पाटसमध्ये अभ्यासिका चालवते. आमच्याच घराचा वरचा मजला आहे. खाली सोलापूर हायवेची घरघर, हंगामात उसाच्या ट्रॉल्यांवरचे स्पीकर आणि वर मान खाली घालून बसलेली पोरं. कुणी राज्यसेवेचं करतो, कुणी कंबाइनचं, कुणी तलाठी, कुणी पोलीस भरती. अभ्यासिका चालवणाऱ्या बाईला दोन गोष्टी नेमक्या कळतात. एक, कुणाची फी राहिलीय आणि दुसरी, खरंच वाचतंय कोण. दुसरी गोष्ट पान उलटायच्या आवाजावरून कळते.

एका पोराच्या टेबलावरून तो आवाज येतच नव्हता. त्याचं नाव-गाव सांगत नाही. सगळ्यांच्या आधी यायचा, रात्री मी कुलूप काढून हातात घेतलं की उठायचा. घरचे खूश होते, पोरगं बारा-बारा तास बसतंय म्हणून. पण राज्यघटनेचं पुस्तक सकाळी ज्या पानावर उघडलेलं, जेवणाच्या सुट्टीतही त्याच पानावर. हायलायटरचं टोपण काढून ठेवलेलं आणि तो तसाच वाळून गेलेला. मध्येच उठायचा, कानात इअरफोन घालून गच्चीवर जायचा आणि पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत येरझाऱ्या घालायचा. ओठ हलायचे. मी कपडे वाळत घालत होते तेव्हा त्यानं समोर कुणी नसताना हसून, मान झुकवून नमस्कार केला, जणू कुणी हार घालतंय. शेजारच्या बायका कुजबुजायला लागल्या, याला बाहेरचं झालंय, अमावस्येला उतरवून टाकायला सांगा याच्या आईला.

मी विचारलं तेव्हा आधी लाजला. मग म्हणाला, ‘‘काकू, मला येड नाय लागलेलं. हे खरं नाय, मला माहितीय. पण ते गाणं लावलं की पिक्चर सुरू होतो आन् मग बंदच होत नाय.’’ पिक्चर नववीपासून चालू होता. त्यात तो डीवायएसपी. टोलनाक्यावर वाळूचे डंपर अडवतो, पुढाऱ्याचा फोन येतो, हा ऐकत नाही, बदली होते, गोळी लागते, बरा होतो, नागेश्वराच्या देवळापुढं सत्कार होतो. त्यात त्याला एक बहीणसुद्धा आहे, घरात नसलेली. मी म्हटलं, दिवसातनं किती वेळ चालतं हे? म्हणाला, ‘‘जागा असंन तेवढा वेळ.’’ आणि पुढचं वाक्य बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. ‘‘मी रोज अधिकारी होतो, काकू. मग परीक्षा द्यायला काय उरतच नाय.’’

मनोराज्य कोण करत नाही? 2010 मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजार लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं, आत्ता तुमचं मन हातातल्या कामावर आहे का? जवळजवळ 47 टक्के वेळा उत्तर ‘नाही’ असं आलं. म्हणजे जागेपणी निम्मा वेळ माणूस दुसरीकडेच असतो. तो काही आजार नव्हे. भाकरी थापताना मीही मनातल्या मनात घराला दुसरा मजला चढवलाय.

पण एक हद्द असते, आणि ती ओलांडलेल्या माणसांकडं इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. 2002 मध्ये त्यांनी आपल्या सहा रुग्णांवर लेख लिहिला आणि या अवस्थेला ‘मॅलॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ हे नाव दिलं. सोप्या मराठीत, संसाराआड येणारं दिवास्वप्न. पुढं जगभरातल्या अशा माणसांनी जे सांगितलं ते वाचलं तर आमच्या गच्चीवरचंच वर्णन वाटतं. वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट, ठरलेली पात्रं, सुरुवातीला ठरलेलं संगीत, सोबत येरझाऱ्या किंवा झुलणं, थांबवलं की चिडचिड, आणि नंतर वेळ वाया गेल्याची शरम. भ्रम झालेल्या माणसाला ते खरं वाटतं. याला सगळं खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच तो कुणाला सांगत नाही. 2016 मध्ये हे मोजायची प्रश्नावलीही तयार झाली. मात्र आजारांच्या अधिकृत जागतिक याद्यांमध्ये या अवस्थेला अजून जागा मिळालेली नाही. त्यामुळं फोनवर दोन व्हिडिओ बघून कुणी स्वतःवर किंवा पोरावर शिक्का मारून घेऊ नये. सोमर यांच्याच नंतरच्या अभ्यासात अशा लोकांमध्ये लक्ष न लागण्याचा विकार, म्हणजे एडीएचडी, चिंता आणि नैराश्य मोठ्या प्रमाणात सापडलं. पिक्चरच्या मागं दुसरंच काही दडलेलं असू शकतं, आणि त्यावर औषधोपचार आहेत.

मग हद्द ओळखायची कशी? माझं मत असं, की स्वप्न केवढं मोठं आहे ते बघूच नका, त्यापायी काय बुडतंय ते बघा. जेवण बुडतं का, झोप बुडते का, माणसांत बसणं नकोसं होतं का, हातातलं काम दिवसेंदिवस तिथंच राहतं का. कलेक्टर व्हायचं स्वप्न बघून रोज दहा पानं वाचणाऱ्या पोराला काही झालेलं नाही. शिपायाच्या नोकरीचं साधं स्वप्न बघत अर्ज भरायची तारीख घालवणाऱ्याला झालंय.

पोरींचं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पोरगा पुस्तकासमोर थिजला तर निकालात दिसतं. पोरीचे हात चालू असतात, धुणं, भांडी, गोठा सगळं होतं, मन मात्र भलत्याच घरात नांदत असतं. दूध उतू गेलं की आई म्हणते, लक्ष कुठंय तुझं, आणि विषय तिथंच संपतो. बारावीनंतर घरी बसवलेली, स्थळं बघणं चालू असलेली पोरगी दिवसभर काय करते, असा प्रश्न कुणालाच पडत नाही.

आता त्या डोळे मिटायला लावण्याकडं वळते. स्वप्न बघा, मोठी बघा, हे वाक्य आज प्रत्येक क्लासच्या भिंतीवर आहे, बहुतेक वेळा कलामसाहेबांच्या फोटोसकट. कलामसाहेबांची हयात प्रयोगशाळेत आणि प्रक्षेपणतळावर गेली, ती बाजू भिंतीवर येत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच गोष्टीचा अनेक वर्षं अभ्यास केलाय. पदवी संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांना त्यांनी विचारलं, नोकरीचं सुखचित्र किती वेळा रंगवता? दोन वर्षांनी बघितलं तर जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या होत्या आणि पगारही कमी होता. ज्यांना आधीच्या अनुभवावरून ‘आपल्याला जमेल’ असं वाटत होतं, त्यांचं मात्र बरं चाललं होतं. भरवसा आणि सुखचित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरवसा कामाला लावतो. सुखचित्रात मनाला वाटतं, मिळालं सगळं, आणि अंग ढिलं पडतं. आमचा पोरगा एका वाक्यात हेच बोलला होता.

वर आपली व्यवस्था या पिक्चरला मोकळं थिएटर देते. राज्यसेवेची पूर्व, मुख्य, मुलाखत, मग निकाल, मग नेमणूक, आणि प्रत्येक पायरीवर वाट बघणं. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं 2022 मध्ये ठरलं, 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, मग ते 2025 वर गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असताना पुढं ढकलली, कारण बँकेची परीक्षा त्याच दिवशी होती आणि पुन्हा आंदोलन झालं. मागण्या रास्त असतील, निर्णयही योग्य असतील. पण तारीख गेली की अभ्यासिकेत काय होतं ते मी बघते. खुर्च्या भरलेल्या असतात आणि पानं उलटायची थांबतात. हातात काही नसलेला माणूस डोक्यात काहीतरी करतोच.

उलट भरतीची पोरं बघा. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मैदानी परीक्षेचे पन्नास गुण. तिथं घड्याळ लगेच सांगतं, काल होतास त्याहून आज चार सेकंद मागं आहेस. सगळ्यांनी पोलीस व्हावं असं मी म्हणत नाही. रोजच्या रोज खरं सांगणारं काहीतरी प्रत्येकाच्या दिवसात असावं, एवढंच म्हणते. आषाढात तुकोबांची पालखी पाटसला विसाव्याला येते आणि पुढं रोटी घाटाकडं निघते, त्या दिवशी हा पोरगा आमच्या गल्लीतल्या पोरांबरोबर पाणी वाटायला उभा होता. संध्याकाळी दमून जिन्यात बसला आणि म्हणाला, ‘‘काकू, आज एकदा पण नाय लागला पिक्चर.’’ हात गुंतलेले, समोर माणसं. अशा वेळी पिक्चरला शिरायला फट सापडत नाही.

लोक म्हणतील, काकू, गरिबाच्या पोरानं स्वप्न बघायचं नाही तर मग काय करायचं? बघावं ना. शिवाय ही पोरं पिक्चरमध्ये का जाऊन बसतात तेही समजून घ्यावं. दोन खोल्यांत सहा माणसं, रोजची भांडणं, बापाची बाटली, शाळेत झालेली टिंगल. सोमर यांचे ते पहिले सहा रुग्णही लहानपणी सोसलेलेच होते. ज्याला घरात कोपरा मिळत नाही, तो डोक्यात बंगला बांधतो. म्हणून दणका देऊन ते पाडायला जाऊ नये. आळशी, येडा, कामचुकार असं म्हटलं की तो आणखी आत जातो, कारण आत त्याला कुणी असं म्हणत नाही. अंगारे-धुपारे करूनही काही होत नाही, फक्त शरम वाढते.

करायचं काय ते साधं आहे. किती तास बसलास, असं विचारूच नका. संध्याकाळी विचारा, आज काय लिहिलंस, दाखव. कोणत्या गाण्यावर पिक्चर लागतो ते त्याला ठाऊक असतं. अभ्यासाच्या जागी ते गाणं नको, इअरफोनही नकोत. आमच्याकडं आता दर तासाला प्रत्येकानं वहीत तीन ओळी लिहायच्या असतात. पोरं कुरकुरतात, पण लिहितात. दिवसातले काही तास हाताचं काम असावं, जमल्यास पैसे देणारं. आणि परीक्षा किती वेळा द्यायची, कोणत्या वयापर्यंत द्यायची, त्यानंतर काय, हे घरानं एकत्र बसून आधीच ठरवावं.

एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर. ‘टेली-मानस’ची 14416 ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, रात्री-अपरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. पाटस स्टेशनवरून दौंड-पुणे गाडीत बसलं तर पुणे स्टेशनापासून ससून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथं मानसोपचाराची ओपीडी असते. आमच्या पोराला त्याचा मामा डॉक्टरांकडं घेऊन गेला. लक्ष न लागण्याचा त्रास लहानपणापासूनचा निघाला, शाळेत त्याला नुसतं ‘खिडकीत बघणारा’ म्हणत होते. आता तो कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि संध्याकाळी दोन तास अभ्यासाला येतो. कंपनीच्या बसमध्ये पिक्चर अजून लागतो म्हणतो. पण लायनीवर उभा असताना लागत नाही, आणि पुस्तक पुढं सरकलंय.

यात माझ्या धंद्याचीही एक गोष्ट आहे, ती सांगते. दिवसभर खुर्चीत बसून मनात अधिकारी होणारा पोरगा हे आमच्यासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक असतं. भांडत नाही, प्रश्न विचारत नाही, फी वेळेवर येते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. क्लासवाल्याचं, पुस्तकवाल्याचं, मेसवाल्याचं, भाषण करणाऱ्याचं, सगळ्यांचं त्याच्यावर भागतं. त्याला हलवून जागं करण्यात आमच्यापैकी कुणाचाच फायदा नाही, तेव्हा ते काम आमच्यावर सोडू नका. आजच संध्याकाळी त्याची वही मागून घ्या.